परवाना कितव्या भाडेकरूपासून?

मार्च १९९९ मध्ये ग्लासगो शहराच्या पश्चिम भागात तळघरातल्या एका फ्लॅटला आग लागली आणि तिथे भाड्याने राहणारे दोन तरुण विद्यार्थी त्या आगीत दगावले. खिडक्यांना लोखंडी गज होते, त्यामुळे तिकडून सुटका नव्हती. धूर झाल्याबरोबर वाजेल असा चालू अलार्मही घरात नव्हता. पुढच्याच वर्षी, १ ऑक्टोबर २००० पासून, स्कॉटलंडने सामायिक घरे भाड्याने देणाऱ्या घरमालकांना परवाना सक्तीचा केला. आधी सहा किंवा त्याहून जास्त भाडेकरू असलेली घरे त्यात आली. मग दरवर्षी ही संख्या एकेकाने खाली आणली आणि २००३ पर्यंत ती तीनवर आली. आज स्कॉटलंडमध्ये एकमेकांच्या नात्यात नसलेले तिघे एका घरात राहून स्वयंपाकघर किंवा न्हाणीघर वाटून घेत असतील, तर घरमालकाकडे परवाना असलाच पाहिजे. एडिंबरा असो, अ‍ॅबर्डीन असो की डंडी, हा नियम सगळीकडे सारखाच आहे.

इंग्लंडने असाच कायदा २००४ मध्ये केला आणि ६ एप्रिल २००६ पासून लागू केला. मात्र तिथली अट पाच भाडेकरूंची होती, आणि वर घर किमान तीन मजली असावे असेही म्हटले होते. मजल्यांची अट १ ऑक्टोबर २०१८ रोजी गेली. सरकारच्याच अंदाजाने त्यामुळे सुमारे १ लाख ६० हजार घरे नव्याने परवान्याच्या कक्षेत आली. पाचाचा आकडा मात्र तसाच राहिला. तीन किंवा चार विद्यार्थी मिळून राहतात अशा घराला परवाना लागतो की नाही, हे इंग्लंडमध्ये ते घर कोणत्या काउन्सिलच्या (स्थानिक पालिकेच्या) हद्दीत आहे यावर ठरते. या विषयाचा आढावा घेताना माझे लक्ष पुन्हापुन्हा याच दोन आकड्यांमधल्या अंतरावर जाते.

मराठी वाचकाने हे का वाचावे, याला कारण आहे. ब्रिटनमधल्या भारतीय विद्यार्थ्यांची संख्या २०२२-२३ मध्ये १ लाख ७० हजारांच्या पुढे गेली आणि त्या वर्षी त्यांनी चिनी विद्यार्थ्यांनाही मागे टाकले. यातले बहुसंख्य एका वर्षाच्या मास्टर्ससाठी जातात. विद्यापीठाच्या वसतिगृहातली खोली महाग पडते किंवा मिळतच नाही. मग पुणे, नाशिक, कोल्हापूर, नागपूरची मुले व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांवर एकमेकांना शोधतात, लेस्टर, कॉव्हेंट्री, शेफील्ड किंवा पूर्व लंडनमधले एखादे घर चौघापाचांत ठरवतात आणि विमानात बसायच्या आधीच डिपॉझिट भरून मोकळी होतात. परवाना हा शब्द त्या व्यवहारात कुठेच येत नाही.

या घरांना तिकडे एचएमओ (हाउस इन मल्टिपल ऑक्युपेशन) म्हणतात. तीन किंवा जास्त माणसे, दोन किंवा जास्त कुटुंबांतली, आणि संडास-न्हाणी किंवा स्वयंपाकघर सामायिक, अशी कायद्याची ढोबळ व्याख्या आहे. नवराबायको हे एक कुटुंब धरले जाते, सख्खी-चुलत भावंडेही एकच कुटुंब. एकाच कॉलेजातले चार मित्र मात्र चार कुटुंबे होतात. घरमालक स्वतः त्याच घरात राहून एकदोघांना खोल्या देत असेल, तर ते या व्याख्येत येत नाही. विद्यापीठांनी मान्यताप्राप्त आचारसंहितेखाली चालवलेली वसतिगृहेही वगळली आहेत. सक्तीच्या परवान्याला आणखी एक पळवाट आहे. तीन किंवा जास्त स्वतंत्र फ्लॅट असलेल्या, मुळातच फ्लॅटसाठी बांधलेल्या इमारतीतल्या फ्लॅटला तो लागत नाही, मग आत पाच जण राहत असले तरी.

नेहमीचे घर कसे असते ते डोळ्यांसमोर आणले, तर नियम कशासाठी आहेत ते लगेच कळते. विटांची एकसारखी, भिंतीला भिंत लागून असलेली घरांची रांग असते. त्याला तिकडे टेरेस म्हणतात. त्यातले एक घर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कामगार कुटुंबासाठी बांधलेले असते. खाली रस्त्याकडची बैठकीची खोली, मागे जेवणाची खोली, त्यामागे अरुंद स्वयंपाकघर. वर दोन-तीन खोल्या. घरमालक खालची बैठकीची खोली झोपायची करतो, जेवणाच्या खोलीतही एक पलंग टाकतो, छपराखालच्या माळ्याला खिडकी पाडून तिथे आणखी एक खोली काढतो. एका कुटुंबाचे घर असे सहा जणांचे होते. जिना एकच राहतो. तो बहुतेक वेळा स्वयंपाकघराच्या दाराशी उतरतो, म्हणजे आग लागण्याची सर्वांत जास्त शक्यता जिथे, तिथूनच सुटकेचा रस्ता जातो. माळ्यावर झोपलेल्याला खाली यायला दुसरी वाट नसते.

परवान्याच्या अटी नेमक्या या घरासाठी लिहिलेल्या आहेत. प्रत्येक मजल्यावर धुराचा अलार्म हवा. घराचा आकार आणि धोका पाहून बहुतेक काउन्सिल मुख्य वीजवाहिनीवर चालणारे आणि एकमेकांना जोडलेले अलार्म मागतात, म्हणजे स्वयंपाकघरात धूर झाला की माळ्यावरचाही वाजतो. जिन्याकडे उघडणारी दारे अर्धा तास आग थोपवतील अशी आणि आपोआप बंद होणारी असावीत, बाहेरचे दार आतून किल्लीशिवाय उघडावे, अशाही अटी घातल्या जातात. गॅसची तपासणी दरवर्षी व्हावी लागते, विजेच्या फिटिंगची दर पाच वर्षांनी. व्यवस्थापकाचे नाव, पत्ता आणि फोन घरात दिसेल असा लावलेला असावा लागतो. परवाना मागणारा माणूस फसवणूक, हिंसा, भेदभाव किंवा भाड्याच्या कायद्याचा भंग यांत दोषी ठरलेला आहे का, हेही काउन्सिल पाहते. परवाना जास्तीत जास्त पाच वर्षांसाठी मिळतो आणि घरात किती माणसे राहू शकतात तो आकडा त्यावर छापलेला असतो.

खोलीच्या मापाचा नियम २०१८ मध्ये आला. दहा वर्षांवरील एका माणसाच्या झोपण्याच्या खोलीला किमान ६.५१ चौरस मीटर, दोघांना १०.२२. छत दीड मीटरपेक्षा खाली असेल तो भाग मोजायचा नाही. हे दशांशातले विचित्र आकडे जुन्या फुटांच्या मापातून आले आहेत. ६.५१ म्हणजे ७० चौरस फूट आणि १०.२२ म्हणजे ११० चौरस फूट. हीच मापे इंग्लंडच्या १९३५ च्या गृहनिर्माण कायद्यात, घरात दाटी केव्हा मानायची हे ठरवण्यासाठी वापरली होती. सात फूट बाय दहा फूट. त्यात एक पलंग, एक टेबल, एक कपाट बसते आणि उभे राहायला पट्टी उरते. विद्यार्थ्याला त्याच खोलीत झोपायचे असते, अभ्यास करायचा असतो, ऑनलाइन मुलाखत द्यायची असते. ऐंशीहून जास्त वर्षांपूर्वी दाटीची सीमा म्हणून ठरलेले माप आज पुरेशा जागेची खूण मानले जाते, हे मला पटत नाही. बऱ्याच काउन्सिल याहून मोठे माप स्वतःहून मागतात, आणि तसा अधिकार त्यांना आहे.

त्या अधिकारावरूनच विद्यार्थ्यांच्या घरांचा एक खटला थेट ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. नॉटिंगहॅमचा लेंटन भाग विद्यार्थ्यांनी भरलेला आहे. तिथल्या दोन घरांच्या माळ्यावरच्या खोल्या उतरत्या छपरामुळे काउन्सिलच्या मापात बसत नव्हत्या. घरमालक न्यायाधिकरणाकडे गेले. न्यायाधिकरणाने तोडगा काढला की त्या खोल्या फक्त पूर्णवेळ विद्यार्थ्यांना द्याव्यात. अशी अट कायद्यात बसते का, यावर वाद वाढत गेला. १० ऑक्टोबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने काही तपशील बदलले, पण मूळ कल्पना मान्य केली: राहणारे विद्यार्थी आहेत हे पाहून अट घालता येते. विद्यार्थी गटाने राहतात, बैठकीची जागा एकत्र वापरतात, म्हणून लहान खोलीची उणीव सामायिक जागेने भरून निघू शकते, असा त्यामागचा विचार.

हा निकाल तर्काला धरून आहे, पण त्यात गृहीत धरलेला विद्यार्थी कोण, हे पाहायला हवे. तीन वर्षे एकाच विद्यापीठात शिकणारे, पहिल्या वर्षी वसतिगृहात मैत्री झालेले आणि दुसऱ्या वर्षी मिळून घर घेणारे इंग्रज विद्यार्थी न्यायालयासमोर होते. बारा महिन्यांच्या मास्टर्ससाठी आलेले, एकमेकांना विमानतळावर पहिल्यांदा भेटलेले, वेगवेगळ्या पाळ्यांत गोदामात किंवा केअर होममध्ये काम करणारे पाच परदेशी विद्यार्थी बैठकीच्या खोलीत एकत्र बसतीलच असे नाही. बैठकीची खोली शिल्लक तरी असेल का? त्यांच्या बाबतीत ज्याची त्याची खोली हेच त्याचे घर असते, आणि तिचे माप कमी करायला सामायिक जागेचा आधार पुरत नाही.

आता मुख्य प्रश्न, आकड्याचा. इंग्लंडच्या कायद्यात परवान्याचे तीन थर आहेत. पाच आणि त्यावरील भाडेकरूंच्या घरांना देशभर सक्ती. त्याखालच्या, म्हणजे तीन-चार जणांच्या एचएमओंना काउन्सिल आपल्या हद्दीत किंवा तिच्या काही भागांत अतिरिक्त परवाना लावू शकते. तिसरा निवडक परवाना, तो ठरावीक भागातल्या जवळजवळ सगळ्याच खासगी भाड्याच्या घरांना लागतो. दुसरा आणि तिसरा थर आणायचा तर काउन्सिलला पुरावे गोळा करावे लागतात, किमान दहा आठवडे लोकांचे म्हणणे ऐकावे लागते, आणि योजना पाच वर्षांनी संपते. मग पुन्हा पहिल्यापासून सगळे. घरमालकांच्या संघटना न्यायालयात आव्हान देतील ही धास्ती कायम असते.

त्यामुळे चित्र ठिगळांचे झाले आहे. ऑक्सफर्डने २०११ पासून शहरातल्या प्रत्येक एचएमओला परवाना लावायला सुरुवात केली, इंग्लंडमध्ये सर्वांत आधी. लंडनच्या न्यूहॅम बरोने २०१३ मध्ये निवडक परवाना जवळजवळ संपूर्ण हद्दीत आणला. तिथे मोठ्या संख्येने दक्षिण आशियाई भाडेकरू राहतात. नॉटिंगहॅमने २०१८ मध्ये मोठ्या प्रमाणावर तेच केले. कॉव्हेंट्रीने २०२० मध्ये लहान एचएमओ कक्षेत घेतले. काही शहरांत मात्र मोजक्याच वॉर्डांत नियम आहे, काही ठिकाणी अजिबात नाही, आणि योजना संपून नवी येईपर्यंत मध्ये खंड पडतो. म्हणजे एकाच रस्त्याच्या या बाजूच्या चौघांच्या घराची नोंद आहे आणि समोरच्या बाजूच्या तशाच घराची नाही, असे होऊ शकते. समोरच्या घराला गॅस, वीज, अलार्मचे सर्वसाधारण नियम लागू आहेतच, ते कोणी नाकारत नाही. पण ते पाळले गेले का हे विचारायला कोणी येत नाही, कारण ते घर भाड्याचे आहे याची नोंदच कुठे नसते.

पाचच का, याचे समाधानकारक उत्तर मला कुठे सापडले नाही. मोठ्या घरात धोका जास्त असतो, हे खरे. पण तळघरातल्या फ्लॅटमध्ये अडकायला पाच माणसे लागत नाहीत. स्कॉटलंडने तिघांची अट लावली म्हणून तिथे विद्यार्थ्यांना घरे मिळेनाशी झाली, घरमालक व्यवसाय सोडून पळाले, असे चित्र वीस वर्षांनंतर दिसत नाही. तिथे आज घरांचा तुटवडा आहे, तसा तो इंग्लंडमध्येही आहे, आणि त्याची कारणे दोन्हीकडे सारखीच आहेत: विद्यार्थी वाढले, घरे वाढली नाहीत.

उत्तर आयर्लंडने २०१६ च्या कायद्याने, एप्रिल २०१९ पासून, तिघांचीच अट स्वीकारली. तिथल्या सर्व अकरा काउन्सिलांसाठी हे काम बेलफास्टची महापालिका करते, त्यामुळे नियम एकच आणि अनुभवी माणसे एका जागी, असा फायदा झाला. वेल्समध्ये तीन मजल्यांची जुनी अट अजून आहे. पण तिथे रेंट स्मार्ट वेल्स या योजनेखाली प्रत्येक खासगी घरमालकाची नोंदणी होते, आणि स्वतः घराचे व्यवस्थापन करणाऱ्याला प्रशिक्षण घेऊन परवाना काढावा लागतो. कार्डिफमधल्या कॅथेज या विद्यार्थी वस्तीत अतिरिक्त परवानाही लागू केला गेला.

परवान्याबरोबर दुसऱ्या एका परवानगीची गल्लत नेहमी होते. एप्रिल २०१० मध्ये इंग्लंडच्या नगररचना नियमांत तीन ते सहा जणांच्या सामायिक घरासाठी वेगळा वर्ग आला. कुटुंबाचे घर त्या वर्गात नेण्यासाठी सर्वत्र परवानगी लागायची की नाही, यावर सहा महिन्यांतच धोरण फिरले. शेवटी काउन्सिलला हवे असेल तर कलम चार नावाचा आदेश काढून आपल्या भागात ही परवानगी सक्तीची करता येईल, असे ठरले. मँचेस्टर, लीड्स, बर्मिंगहॅमचा सेली ओक भाग, शेफील्ड, सगळीकडे असे आदेश निघाले.

यामागची वेदना खरी आहे. क्रिकेटमुळे आपल्याला माहीत असलेले हेडिंग्ले हे लीड्सचे उपनगर. विसावे शतक संपता संपता तिथली कुटुंबांची घरे एकामागून एक विद्यार्थ्यांना भाड्याने जाऊ लागली. पाच जणांचे मिळून जितके भाडे येते तितके एक कुटुंब देऊ शकत नाही, म्हणून घर विकायला निघाले की गुंतवणूकदारच घ्यायचे. मुले कमी झाली आणि हेडिंग्ले प्राथमिक शाळा बंद पडली. तिच्या इमारतीत नंतर रहिवाशांनीच सामुदायिक केंद्र उभे केले. उन्हाळ्यात रस्तेच्या रस्ते ओस पडत. तिथल्या रहिवाशांनी एचएमओंवर मर्यादा यावी म्हणून वर्षानुवर्षे चळवळ केली, आणि डॅरेन स्मिथ या भूगोल अभ्यासकाने अशा वस्त्यांवर संशोधन करून हा विषय धोरणकर्त्यांसमोर आणला.

पण दोन्ही गोष्टी एकाच हत्याराने होत नाहीत. वस्तीत विद्यार्थ्यांची घरे किती असावीत हा नगररचनेचा प्रश्न, आणि घर राहायला सुरक्षित आहे का हा परवान्याचा. काही ठिकाणी लोकांना विद्यार्थी नको असतात म्हणून परवाना कडक करा अशी मागणी होते, आणि मग घरमालक म्हणतात की हा नियम मुळात आमच्याविरुद्ध आहे. सुरक्षिततेचा मुद्दा या भांडणात मागे पडतो. विद्यार्थ्याला हे माहीत असावे की घराला परवाना असून नगररचनेची परवानगी नसू शकते, आणि उलटही.

घरमालकांच्या तक्रारींतल्या काही योग्य आहेत. राष्ट्रीय घरमालक संघटना वर्षानुवर्षे सांगते की चांगला मालक अर्ज करतो, शुल्क भरतो, तपासणीला दार उघडतो, आणि ज्याच्यासाठी कायदा केला तो मालक अर्जच करत नाही. हे खरेच आहे. शुल्काबद्दलची ओरड मात्र हिशेबात टिकत नाही. समजा पाच जणांच्या घराचे शुल्क १,२०० पौंड आहे आणि परवाना पाच वर्षांचा आहे. घरमालकाने ते पूर्णच्या पूर्ण भाडेकरूंवर टाकले तरी माणशी महिन्याला चार पौंड होतात. लंडनमध्ये एवढ्यात एक सँडविच येते. खर्च येतो तो फायर डोअर, अलार्म, वायरिंग यांचा, आणि तो परवाना नसता तरी करायलाच हवा होता.

खरी उणीव अंमलबजावणीत आहे. परवाना देण्याआधी घर पाहिलेच पाहिजे, अशी सक्ती काउन्सिलवर नाही. कागद पाहून परवाना देता येतो. घरात गंभीर धोके नाहीत ना, याची खात्री अर्जापासून पाच वर्षांच्या आत करावी, एवढीच कायद्याची मुदत आहे. एका वर्षाच्या मास्टर्सच्या हिशेबाने पाच तुकड्या येऊन जातात, तेव्हा कुठे कोणी तरी माळ्याचा जिना चढतो. बऱ्याच काउन्सिल लवकर जातात, काही दरवर्षी बरीच घरे पाहतात, पण कायदा त्यांना तितके बांधून ठेवत नाही. निवडक परवान्याचा सरकारने २०१९ मध्ये स्वतंत्र आढावा घेतला. जिथे नीट आखणी आणि तपासणी होते तिथे परवाना उपयोगी पडतो, असे त्यात दिसून आले. त्यातला तपासणीचा भाग वगळला तर उरते ती फक्त शुल्कवसुली.

परवाना असूनही काय होऊ शकते, याचे उदाहरण पूर्व लंडनमधले आहे. मार्च २०२३ मध्ये शॅडवेलमधल्या मॅडक्स हाउस या इमारतीत दोन बेडरूमच्या एका फ्लॅटला आग लागली. कारण होते इलेक्ट्रिक सायकलची बॅटरी. त्या फ्लॅटमध्ये दीड डझनाहून जास्त माणसे राहत होती, पाळीपाळीने झोपत होती. त्यांत बांगलादेशातून आलेले विद्यार्थी आणि खाद्यपदार्थ पोचवणारे कामगार होते. एकाचा मृत्यू झाला. फ्लॅटला परवाना होता, पण तो तिघांसाठी होता. पुढे घरमालकांनी गुन्हा कबूल केला आणि त्यांना दंड झाला. दाटीबद्दल तक्रारी आधीपासून होत्या. आत राहणाऱ्यांपैकी कोणालाही परवान्यावरचा आकडा ठाऊक असता आणि तो सांगायची भीती नसती, तर वेगळे घडले असते का, हे ठामपणे म्हणता येत नाही. पण त्या आकड्याची गरज कोणाला सर्वांत जास्त होती, हे उघड आहे.

हा आकडा भाडेकरूच्या हाती आला की त्याची ताकद वाढते, कारण इंग्लंडच्या कायद्याने त्याला एक जबरदस्त अधिकार दिला आहे. परवाना लागत असताना तो नसेल तर तो फौजदारी गुन्हा आहे. न्यायालय अमर्याद दंड करू शकते, किंवा काउन्सिल खटला न भरता स्वतः दंड लावू शकते. काउन्सिलच्या दंडाची मर्यादा ३०,००० पौंडांची होती, ती २०२५ च्या कायद्याने ४०,००० केली. शिवाय राहणारे स्वतः न्यायाधिकरणाकडे जाऊन भरलेले भाडे परत मागू शकतात. त्याला रेंट रिपेमेंट ऑर्डर म्हणतात. मर्यादा बारा महिन्यांच्या भाड्याची होती, नव्या कायद्याने ती दोन वर्षांपर्यंत गेली. समजा पाच विद्यार्थी प्रत्येकी आठवड्याला १२० पौंड देत असतील, तर वर्षाचे ३१,२०० होतात. न्यायाधिकरण सगळी रक्कम देईलच असे नाही. गुन्हा किती गंभीर, मालक कसा वागला, भाडेकरू कसे वागले, हे पाहून ती ठरते. गुन्हा संशयाला जागा न ठेवता सिद्ध करावा लागतो, आणि मालक सबळ कारण दाखवू शकला तर सुटतोही. तरीही वकिलाविना हे अर्ज करणारे आणि जिंकणारे विद्यार्थी आहेत. या अर्जाचा व्हिसाशी काही संबंध नाही.

यात एक मोठी फट होती. पूर्व लंडनमध्ये मूळ मालकाकडून घर घेऊन खोल्या पुढे भाड्याने देणाऱ्या मधल्या कंपन्या बऱ्याच आहेत. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की भाडे परत मागायचे ते ज्याला भाडे देता त्या थेट मालकाकडूनच, त्याच्या वरच्याकडून नाही. मधली कंपनी कागदावरची असेल, तिजोरी रिकामी असेल, तर निकाल जिंकूनही हाती काही लागायचे नाही. २०२५ च्या रेंटर्स राइट्स कायद्याने ही फट बुजवून मूळ मालकालाही जबाबदार धरले. गेल्या काही वर्षांतली विद्यार्थ्यांच्या दृष्टीने ही सर्वांत मोलाची दुरुस्ती, असे मी मानतो.

त्या कायद्याला २७ ऑक्टोबर २०२५ रोजी राजाची संमती मिळाली, आणि इंग्लंडमधल्या भाडेकराराचे नवे नियम १ मे २०२६ पासून लागू करायचे ठरले. कारण न देता घर रिकामे करायला लावण्याची जुनी तरतूद त्याने काढून टाकली, ठरावीक मुदतीचे करार संपवले. विद्यार्थ्यांची घरे देणाऱ्यांना यात अडचण होती: दरवर्षी सप्टेंबरात नवी तुकडी येते, जुनी निघालीच नाही तर? म्हणून त्यांच्यासाठी वेगळे कारण ठेवले आहे. पूर्णवेळ विद्यार्थ्यांचे एचएमओ असेल, मालकाने आधी लेखी कळवले असेल आणि चार महिन्यांची नोटीस दिली असेल, तर १ जून ते ३० सप्टेंबर या काळात तो घर परत घेऊ शकतो. मात्र करार राहायला येण्याच्या सहा महिन्यांहून आधी केला असेल, तर हे कारण चालत नाही. पुढच्या सप्टेंबरचे घर आदल्या नोव्हेंबरातच घाईने ठरवण्याची जी रीत आहे, तिला यामुळे आळा बसावा.

परदेशी विद्यार्थ्यांना दुसऱ्या एका तरतुदीचा फायदा व्हावा. इंग्लंडमध्ये २०१६ पासून घरमालकाला भाडेकरूचा देशात राहण्याचा हक्क तपासावा लागतो. त्यात ब्रिटनमध्ये राहणारा, नोकरी असलेला गॅरंटर (हमीदार) बहुतेक भारतीय मुलांकडे नसतो. म्हणून सहा महिन्यांचे, कधी वर्षाचे भाडे आगाऊ मागितले जायचे. घरून कर्ज काढून पाठवलेले पैसे असे एका रकमेत अडकले की पुढे तक्रार करायची हिंमत होत नाही. नव्या कायद्याने आगाऊ भाडे एका महिन्यापुरते मर्यादित केले. डिपॉझिट आधीपासूनच साधारण पाच आठवड्यांच्या भाड्यापुरते मर्यादित आहे आणि ते तीस दिवसांत मान्यताप्राप्त योजनेत ठेवावे लागते.

पुण्यात सदाशिव पेठेत किंवा नारायण पेठेत कॉट बेसिसवर राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलांना या सगळ्याशी तुलना करावीशी वाटेल. आपल्याकडे करार नोंदवला जातो, भाडेकरूची पोलीस पडताळणी होते. चौकशी होते ती राहायला येणाऱ्याची. एका खोलीत किती कॉट टाकायच्या, जिन्यातून बाहेर पडता येते का, वायरिंग शेवटचे कधी तपासले, हे घरमालकाला कोण विचारते? परवान्याच्या मागे असलेला विचार, म्हणजे भाडे घेणाऱ्याची पात्रता तपासायची आणि घराचा आकडा जाहीर ठेवायचा, आपल्या पेठांनाही लागू पडतो.

परदेशी निघालेल्या मुलाच्या घरच्यांना इथे बसूनच काही गोष्टी करता येतात. प्रत्येक काउन्सिलला परवान्यांची नोंदवही लोकांसाठी खुली ठेवावी लागते, आणि बहुतेकांची ती इंटरनेटवर असते. पत्त्याचा पोस्टकोड टाकून आधी घर कोणत्या काउन्सिलमध्ये येते ते पाहावे, मग तिथे पाचाखालच्या घरांना परवाना लागतो का ते. नोंदवहीत घर सापडले तर परवान्याची मुदत, परवानाधारकाचे नाव आणि माणसांचा आकडा टिपून घ्यावा. करारावरचा मालक आणि परवान्यावरचा धारक वेगळे असतील तर एजंटला लेखी विचारावे. घर सापडलेच नाही, तर अर्ज विचाराधीन आहे का, हे काउन्सिलच्या खासगी भाडे विभागाला ईमेल करून विचारता येते. त्याला भाडेकरू असावे लागत नाही. करार सहा जणांचा आणि परवाना पाचांचा असेल, तर डिपॉझिट भरायच्या आधी सहाव्याने दुसरे घर बघावे.